झिसिस कुठे राहत होता

व्होलोसमध्ये स्टेशनामागच्या गल्लीत माझी कचेरी आहे. लोकांची टॅक्सची रिटर्न्स भरणं हाच माझा धंदा. पोलिक्सेनी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती २०१३ च्या वसंतात, नवऱ्याबरोबर. झिसिसची गोदामातली नोकरी गेली होती, ती शाळेच्या कँटीनमध्ये चीज भरलेले पॅटिस भाजायची, आणि मुलगी मेरोपी सात वर्षांची होती. झिसिसच्या नावावर डोंगरात सफरचंदांची बाग होती. तिच्यापायी दोघं कागदावर खातीपिती ठरत आणि मुलीचा भत्ता बंद होई. वेगळी झाली तर तो चालू राहणार होता.

त्या वर्षांत निम्म्या गावाने हेच केलं. वकिलाने घटस्फोटाचे कागद केले आणि मी झिसिसच्या रिटर्नमध्ये लिहिलं की तो डोंगरातल्या झागोरा गावी आईच्या घरी राहतो. तो कुठे राहतो हे मला ठाऊक होतं. त्यांचं घर माझ्या कचेरीपासून तिसऱ्या गल्लीत.

"चला, आता तू माझी मैत्रीण," निघताना झिसिस पोलिक्सेनीला म्हणाला. "बायकोपेक्षा स्वस्त."

"मैत्रिणी मोजे धूत नसतात, एवढं लक्षात ठेव," ती म्हणाली. संध्याकाळी त्यांच्या गॅलरीतून मासळी तळल्याचा वास येत होता.

अशी बारा वर्षं गेली. दरवर्षी मी तीन रिटर्न्स भरायचे: तिचं, त्याचं आणि त्याची आई असिमीना हिचं. तिन्हीत एकच खोटं असे. मधल्या काळात पोलिक्सेनीने आईकडून आलेली सोन्याची नाणी मोडून झिसिसला ट्रक घेऊन दिला. ट्रक अर्थातच त्याच्या नावावर.

गेल्या वर्षी मार्चमध्ये झिसिस एकटाच आला.

"माझा पत्ता बदल. स्कोपेलोस लिही."

"बेटावर काय काढलंस?"

"लग्न करतोय. तिच्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत तिथे."

"आणि पोलिक्सेनी?"

"आमचा घटस्फोट बारा वर्षांपूर्वीच झालाय," तो शांतपणे म्हणाला. "तूच तर दरवर्षी लिहितेस, अर्गिरो."

चार दिवसांनी पोलिक्सेनी आली. कोट न काढताच बसली.

"दुरुस्तीचं रिटर्न भरता येतं ना?"

"येतं. पाच-सहा वर्षं मागे जाता येतं."

"मग भर. लिही, की झिसिस माझ्या घरी राहत होता. वकील म्हणतो, एकत्र राहिल्याचा सरकारी कागद असला तर ट्रकमध्ये तरी वाटा मागून बघता येईल. फोटो आहेत म्हटलं तर हसला. म्हणाला, फोटो तर लोक शेजाऱ्यांबरोबरही काढतात."

मी तिला कॉफी दिली आणि सगळं सांगितलं. तिने एकटीने लिहून भागणार नव्हतं, त्याचं आणि त्याच्या आईचं रिटर्न तिच्याशी जुळावं लागलं असतं. घेतलेला भत्ता दंडासकट परत गेला असता. आणि मेरोपी पात्रा शहरात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वसतिगृहातली खोली आणि जेवण तिला फुकट होतं, ते आई एकटी आणि कमाई तुटपुंजी म्हणून. घरात ट्रक चालवून कमावणारा बाप होता असं एकदा लिहून दिलं की ती खोली गेलीच.

"आणि तुझं?" तिने विचारलं.

"माझं लायसन्स जाईल."

"म्हणजे तूही नकोच म्हणणार."

ती कॉफीला हात न लावता गेली.

पुढच्या सोमवारी असिमीना डोंगरावरून बसने उतरली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, काळ्या कपड्यांत, हातात काठी. पोलिक्सेनी पडलेल्या चेहऱ्याने तिला धरून आत घेऊन आली.

"माझं रिटर्न दुरुस्त कर गं," म्हातारी म्हणाली. "माझा मुलगा माझ्याकडे राहत नव्हता. बारा वर्षांत बारा रात्री झोपला नसेल. उलट मीच खुबा मोडला तेव्हा त्यांच्या घरी पडून होते, आणि ही माझं सगळं करत होती. कुठे सही करू ते सांग."

"आई, नको," पोलिक्सेनी म्हणाली.

"तू गप्प बस, सूनबाई. मला काय करणार आहेत ते? तुरुंगात घालतील? तिथे चूल तरी पेटवावी लागणार नाही."

"तुम्हाला काही करणार नाहीत," पोलिक्सेनी म्हणाली. "पण तो तुमच्याकडे नव्हता म्हटलं की विचारतील, मग कुठे होता. तिथून माझ्या दारात येतील आणि मेरोपीची खोली जाईल."

म्हातारीने सहीसाठी उचललेलं पेन तसंच धरून ठेवलं. "मग तो असाच सुटणार?"

"सुटू दे."

"माझ्याच पोटचा आहे मेला," असिमीना म्हणाली. तिने पेन टेबलावर ठेवलं. परतीच्या बसला दोन तास होते. त्या दोघी माझ्याकडेच बसल्या.

सप्टेंबरात झिसिसचं लग्न झालं. मेरोपी गेली नाही, पण आईवर चिडली. एकदा पोलिक्सेनी माझ्यासमोर बसलेली असताना तिचा फोन आला. "तू भांडत का नाहीस? तुला काही वाटतच नाही का?" हे मलाही ऐकू आलं. पोलिक्सेनी एवढंच म्हणाली, "जेवलीस का?" फोन ठेवल्यावर मी म्हटलं, सांगून टाक पोरीला. ती म्हणाली, "सांगितलं तर उद्या खोली सोडून घरी येईल. ओळखते मी तिला."

डिसेंबरच्या तीस तारखेला ती पुन्हा आली, हातात कुराबियेदेसचा, नाताळच्या बदामी बिस्किटांचा डबा. डबा माझ्यासमोर सरकवून तिने विचारलं, "उद्या कुठलं वर्ष बंद होतं?"

"एकोणीसचं. त्यानंतर त्याची दुरुस्ती घेत नाहीत."

"सासूबाईंचा खुबा मोडला ते वर्ष." ती बोटांवर मोजू लागली. मेरोपीची अजून अडीच वर्षं राहिली होती. तोवर आणखी दोन वर्षं बंद होणार होती. दुरुस्ती भर म्हणाली तर, म्हणून मी संगणक चालूच ठेवला होता. तिने पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि घरी स्वयंपाक करायचाय म्हणून उठली.

या मे महिन्यात मी तिचं नवं रिटर्न तयार केलं: घटस्फोटित, घरात एकटी. छापील प्रत तिच्यापुढे ठेवली. चष्मा लावून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत तिने सगळं वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि सही केली.