डाव्या बाजूच्या पाच झडपा

मी नौदलात बावीस वर्षं गनर होतो. माझी ऑर्डर ऐकून कारवारला माडावरचे नारळ पडायचे. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत कॅरीला आलो आणि दर शनिवारी तीन तास ड्राइव्ह करून किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयाच्या जहाजावर फुकट नोकरी करू लागलो. जुन्या इंग्रजी युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती. शिडं खरी, तोफा खऱ्या, फक्त गोळे नाहीत.

मूळ नौका इंग्लंडच्या राजाची. पर्यटकांना मी सांगायचो, तिने एका सकाळी अर्धा स्पेन बुडवला. कागदोपत्री तीसेक वर्षं नोकरी, चार लढाया, दोनदा डागडुजी. शेवट आपल्याच बंदरासमोर. वळताना कलली, खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, पाणी आत शिरलं. शत्रूचा एकही गोळा लागला नाही.

म्हणून आमचा बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, वॉल्ट याचा एकच नियम होता: खालच्या खिडक्यांच्या झडपा बंद, मगच शिडं वर. वॉल्ट अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेला. एका हाताने नांगर उचलायचा. बरं, दोन्ही हातांनी.

"चीफ, आज किती स्पेन बुडवलास?" तो मला विचारायचा.

"पाऊण. तू उशिरा आलास."

एका शनिवारी देणगीदार पाहुण्यांना घेऊन आम्ही जहाज बंदराबाहेर नेलं. आमच्यासकट जहाजावर चाळीस जण. १३५० वाजता धक्क्यावरून रेडिओवर संग्रहालयाच्या डायरेक्टर बाई आल्या.

"डाव्या बाजूच्या झडपा उघडा. फोटोत तोफा दिसायला हव्यात."

"मॅडम, शिडं वर आहेत," वॉल्ट म्हणाला.

"दहा मिनिटं फक्त. इट्स ॲन ऑर्डर."

वॉल्टने माझ्याकडे पाहिलं. तोफा माझ्या ताब्यात होत्या, मी नाही म्हणू शकत होतो.

"आय आय, मॅडम," मी म्हणालो आणि झडपा उघडल्या. बावीस वर्षांची सवय.

१४०४ वाजता उजवीकडून वाऱ्याचा झोत आला. जहाज डावीकडे कललं आणि पाचही खिडक्यांतून पाणी आलं.

"चीफ, शिडं उतरव!" वॉल्ट ओरडला आणि स्वतः खाली गेला.

मी दोर सोडले. खालून त्याचा आवाज येत होता. "एक बंद! दोन! तीन!" मग बऱ्याच वेळाने, "चार!" तेवढ्यात उजवीकडची तोफ बांधलेला दोर तोडून उतारावरून त्याच्यावर गेली.

१४११ वाजता जहाज सरळ झालं.

ऑर्डर कोणाची होती, हे मी चौकशीत सांगितलं. बाई मंद हसल्या. "चीफ टेल्स स्टोरीज. सगळ्यांना माहीत आहे." खोलीतल्या कोणी मान वर केली नाही. अहवालात आलं, बोसनने नियम पाळला नाही.

वॉल्ट, बोसन, वय एकाहत्तर. चार झडपा त्याने लावल्या, पाचवीपाशी गेला. आम्ही एकोणचाळीस जण धक्क्यावर उतरलो. त्या झडपा उघडणारा त्यांतलाच एक.