उखाण्यातली रिकामी जागा

नणंदेनं भावजयीची स्तुती करावी अशी आमच्याकडे रीत नाही. त्यात मी जन्मभर शाळेतली मास्तरीण, दुसऱ्याच्या चुका काढण्यातच हयात गेली. तरी सांगते, प्रेमलता वहिनीसारखं डोकं मी दुसरं पाहिलं नाही. काटोलकडची, संत्र्याच्या बागेतली लेक, सातवीवर शाळा सुटलेली. पण नात्यातल्या कुठल्या लग्नात कोणी कोणाला कसलं लुगडं नेसवलं, हे तिला विचारावं. गांधीबागेत कापड घ्यायला गेलो की ती दुकानदारालाच सांगायची, हाच काठ तुझ्या बापानं दाखवला होता, तेव्हा रंग पक्का होता म्हणून.

माझा भाऊ मधुकरराव, आमचा दादा, सरकारी कचेरीत कारकून होता. त्याला स्वतःचा चष्मा सापडत नसे. कोणी काही विचारलं की तो वहिनीकडे पाहायचा आणि उत्तर तिकडून यायचं. असा त्यांचा संसार.

त्यांचा मुलगा जितेंद्र मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागला, त्यानं तिकडेच बेसा भागात फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे नेलं. मीही एकटीच, म्हणून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. तिथंच ती अभ्यासवाली मंडळी आली. सरकारी पैशातून चाललेलं संशोधन होतं. धडधाकट म्हातारी माणसं निवडायची, दरवर्षी त्यांना प्रश्न विचारायचे, मशीनमध्ये घालून मेंदूचे फोटो काढायचे, आणि आठवण, बोलणं, हिशेब हे सगळं मेंदू कसं सांभाळतो ते पाहायचं. मुख्य होती डॉक्टर गार्गी. वय कोवळं, पण बोलणं सरळ.

दादा म्हणाला, आपण काय सरकारी प्रयोगातले उंदीर आहोत का? वहिनीनं मात्र त्याला न विचारताच होकार दिला. मला आश्चर्य वाटलं. भाजीत मीठ किती हेसुद्धा ती दादाला विचारून घालायची.

कारण तिनं मला एकटीलाच सांगितलं. तिच्या आईचं शेवटी डोकं गेलं होतं. पोटच्या लेकीला ती परकी बाई समजून पाणी द्यायची. गावातले लोक म्हणाले, बाहेरची बाधा झाली. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून आपटलं. वहिनी तेव्हा नवी नवरी, कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. "जयाताई," ती मला म्हणाली, "माह्या मायच्या डोक्यात काय होऊन राहिलं होतं, हे कोनीच नाही विचारलं. आता कोनी विचारून राहिलं, तर मी काहून नाही म्हनू? मी शेवटपर्यंत जाईन." मग पुढं म्हणाली, पैसा तर सरकारचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचाच आहे, डोकं तेवढं द्यायचं.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. फोटोच्या आधी ती गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढून माझ्या हातात द्यायची, दादा तोंड फिरवायचा. मशीनमधून बाहेर आली की म्हणायची, दालमिलमध्ये झोपून आल्यासारखं वाटलं. प्रश्नांच्या वेळी घरच्या एकानं सोबत बसायचं, पण उत्तर सुचवायचं नाही, असा नियम होता. दादाला तो नियम फार जाचायचा. एरवी तिच्याकडून उत्तरं घेणारा तो इथं तिला सुचवायला पाहायचा, हे मात्र उलटंच झालं म्हणायचं.

त्या प्रश्नांत एक प्रश्न असायचा, नवऱ्याचं नाव काय? वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेते होय? मी हसायची, दादा हसायचा, प्रश्न विचारणारी भैरवी नावाची पोरगी आमच्याच इकडची, तीही हसायची आणि पुढच्या प्रश्नाकडे जायची. दरवर्षी असंच झालं. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. दुसऱ्या मुलखातली कोणी असती तर तिनं पहिल्याच दिवशी थांबून विचारलं असतं.

तिसऱ्या वर्षी वहिनी दोनचार शब्दांना अडखळली. डॉक्टर गार्गी त्या दिवशी स्वतः बसली होती. नवऱ्याच्या नावाचा प्रश्न आला, वहिनी हसली, आम्ही हसलो. गार्गी हसली नाही. ती म्हणाली, "आजी, नाव नका घेऊ. उखाणा घ्या."

उखाण्यात तर नाव घ्यावंच लागतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वहिनीला आग्रह करायच्या आणि ती लाजतलाजत एकच उखाणा म्हणायची. तोच तिनं म्हटला.

"संत्र्याच्या बागेत पाखरांचा डाव, ... नाव घेते, ऐका सारं गाव."

मला वाटलं, थट्टा करते आहे. गार्गीनं पुन्हा म्हणायला सांगितलं. वहिनीनं पुन्हा म्हटला, त्याच चालीत, शब्दाला शब्द. नावाच्या जागी ती थांबायची, ओठ हलायचे आणि पुढचे शब्द सुरू व्हायचे. तिसऱ्या वेळी तिचं तिलाच कळलं. तिनं दादाकडे पाहिलं. हातभर अंतरावर तो बसलेला, तोंड उघडलेलं, आणि गार्गीनं त्याला थांबवायला हात वर केलेला. दादानं तोंड मिटलं. माझ्या भावाचा चेहरा मला त्या दिवशी बघवला नाही.

गार्गीनं नंतर समजावलं, चालीत बसलेले शब्द मेंदू वेगळ्या तऱ्हेनं जपतो, ते उशिरा जातात, सुटी नावं आधी जातात. हे कधीपासून झालं असेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगता येणार नाही, त्या प्रश्नाचं उत्तर आपण कधी घेतलंच नव्हतं.

घरी आल्यावर दादा भडकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला, बायको नापास होताना चार लोकांत बसून पाहायची मला हौस नाही, अभ्यास बंद. मीही त्याच्याच बाजूनं बोलले. वहिनी ज्वारी निवडत होती. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "आता तर त्याइचं काम सुरू झालं." गार्गीनंच तिला सांगितलं होतं, डोकं चांगलं असतानाचे फोटो आहेत आणि मग ते जाऊ लागलं, अशी माणसं फार थोडी मिळतात. मग ती दादाला म्हणाली, "पुढच्या वर्षी मले नेजा. मी नाही म्हटलं तरी नेजा."

दादा मात्र वर्षभर बदलत गेला. चहा करायला शिकला, तिची वेणी घालायला शिकला. वेणी वाकडीच यायची, मी बोलून दाखवायची आणि मग घरी येऊन रडायची. दिवाळीनंतर वहिनी मला जयाताई सोडून परक्यासारखं बाई म्हणू लागली.

बोलावणं आलं तसं दादा स्वतःच तिला तयार करून घेऊन गेला. मी सोबत होतेच. गार्गीनं रीतीप्रमाणे विचारलं, आजी, यंदा बसायचं का? वहिनीनं खोलीकडे पाहिलं, दादाची बाही घट्ट धरली आणि म्हणाली, "नाही."

दादा गार्गीची विनवणी करू लागला. जो माणूस अभ्यास बंद करायला निघाला होता तोच सांगत होता, ती स्वतः म्हणाली होती हो, नाही म्हटलं तरी ने म्हणून. गार्गीचे डोळे भरले, पण ती मानेना. म्हणाली, आज त्या नको म्हणताहेत, मी आजचंच ऐकणार. मला तिचा रागही आला आणि ती बरोबर आहे हेही कळत होतं.

दादानं मग बाहीवरची वहिनीची बोटं एकेक सोडवून तिचा हात माझ्या हातात दिला आणि आत जाऊन त्या खुर्चीवर बसला. "माहं डोकं घ्या," तो म्हणाला. "तिच्यापेक्षा हलकं हाय, पण घ्या."

मी वहिनीला घेऊन दाराशी बाकावर बसले. ती खिडकीबाहेर पाहत होती. दार उघडंच होतं. आत भैरवीनं दादाला त्याचं नाव, गाव, वार विचारला. मग विचारलं, बायकोचं नाव?

दादानं तिला जन्मभर "अवं" म्हणून हाक मारली. फार तर जितूची माय. आमच्यात पुरुषही नाव घेत नाहीत. तो खाकरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "प्रेमलता."

वहिनी खिडकीकडून वळली. "काय जी?" ती म्हणाली.

दादानं चष्मा काढून पुसायला घेतला. भैरवीनं पुढच्या प्रश्नाची घाई केली नाही.