एकावन्न तीसच्या सात गाड्या

माझं काम सांगायला सोपं आणि लोकांच्या डोक्यात शिरायला अवघड. ट्रकवाल्याचं सॉफ्टवेअर एक बोलतं, गोडाऊनचं दुसरं, आणि ज्याचा माल त्या कंपनीचं तिसरंच. या तिघांना एकमेकांचं कळावं अशी सोय करून देणं हा माझा धंदा. भिवंडीत, वळपासून वडप्यापर्यंत, मी बरीच वर्षं हेच करतोय. बायको म्हणते, स्वतःच्या दोन बहिणींचं जुळवता येत नाही, आणि म्हणे सिस्टिमी जुळवतो.

स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकतो. काही बिघडलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: माझ्याकडून सगळं बरोबर आहे, समोरच्यांचा डेटा तपासा. दहापैकी नऊ वेळा ते खरंही निघतं. ही हकिकत दहाव्या वेळेची आहे.

वळ गावात एक काकू आहेत, सात ट्रकांच्या मालकीण. नवरा गेल्यावर सगळ्या भावकीने सांगितलं, विकून मोकळी हो. बाईने विकलं तर नाहीच, उलट वाढवलं. वडप्याच्या एका मोठ्या गोडाऊनचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याच गाड्या उचलायच्या. मग तिथे नवा मॅनेजर आला, परगावचा, कडक इस्त्रीचा. त्याने फर्मान काढलं की आता सगळं ऑनलाइन. एक आठवडा चाचणी, ज्याच्या गाड्या सिस्टिममध्ये नीट दिसतील त्याला काम, बाकीच्यांना रामराम. काकूंची बाजू जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या की सात ड्रायव्हरांच्या चुली यावर हायेत, नीट कर.

काकूंचा मुनशी म्हणजे उत्तरेकडून येऊन भिवंडीत मुरलेला म्हातारा. त्याच्याकडे एक लांबलचक वही. आमच्याकडे गाडीचा पूर्ण नंबर कोणी घेत नाही, शेवटचे चार आकडे हेच तिचं नाव. बावीस शून्य सात आली, ऐंशी बारा गेली, असंच बोलणं. मुनशीच्या वहीतही तेच. त्या चार आकड्यांशेजारी तो कधी फुली मारी, कधी चंद्र काढी, कधी नुसतं टिंब. मला वाटलं, फोनवर बोलता बोलता म्हातारा चाळा करत असेल. मी काही विचारलं नाही.

गाड्यांची यादी त्याने कोणाकडून तरी टाइप करून पाठवली. सात ओळी, आणि सातही ओळींत शेवटचे आकडे ५१३०. फरक फक्त मधल्या दोन इंग्रजी अक्षरांत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच गाडी सात वेळा लिहिलीय आणि अक्षरंही धड टाइप करता येत नाहीत, म्हणत मी एक ओळ ठेवली, सहा उडवल्या आणि बाकीच्या सहा गाड्यांची यादी मागाहून येईल असं धरून चाललो. वर स्वतःवर खूशही झालो. जेवताना बायकोला सांगितलंसुद्धा की लोक कसला कचरा पाठवतात आणि आपल्याला कसा निवडत बसावा लागतो.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मॅनेजरचा फोन. त्याच्या स्क्रीनवर काकूंची एकच गाडी दिसत होती आणि त्या एका गाडीने सकाळपासून सात खेपा केल्या होत्या. ती नऊ वाजता वळ गावात होती, नऊ वाजून एक मिनिटाने पलीकडच्या राहनाळ गावात, आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याच्याच गेटवर. मी लॅपटॉप न उघडताच माझं ठेवणीतलं वाक्य ऐकवलं. समोरच्यांचा डेटा तपासा.

त्याने तपासायच्या ऐवजी निकाल लावला. बाई कागदावर खोट्या खेपा दाखवते, दुपारी बारापासून काम बंद, असं त्याने काकूंना कळवलं.

इकडे मी मुनशीला फोन लावून झापायला सुरुवात केली. एकाच गाडीचे सात नंबर कशाला पाठवले, वगैरे. म्हाताऱ्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाला, "साहब, गाड़ी सात है, नंबर सबका एक लिया है। निशान से पहचानते हैं। आपने पूछा ही नहीं."

तेव्हा ट्यूब पेटली. आपल्याकडे आवडीचा नंबर आरटीओतून मागून घेतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्याच शेजाऱ्याच्या जीपला आणि स्कूटरला एक नंबर आहे. अक्षरांची मालिका बदलत जाते, आकडे तेच मिळतात. काकूंच्या सातही गाड्यांना एकावन्न तीस, आणि मी एकच ओळ ठेवल्यामुळे सगळ्यांच्या खेपा तिच्याच नावावर चढत होत्या. फुली म्हणजे एक गाडी, चंद्र म्हणजे दुसरी. मुनशीचा हिशेब चोख होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो अति शहाणा मीच.

बाइक काढली आणि वडपे गाठलं. नाक्यावरच्या ट्रॅफिकला जेवढ्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या स्वतःला होत्या. गोडाऊनच्या केबिनमध्ये बसून वीस मिनिटांत सहा ओळी परत घातल्या आणि स्क्रीनवर सात गाड्या दाखवल्या. मॅनेजर हसला. म्हणाला, सकाळी एक होती, आता सात झाल्या, तुमची बाई जादूगार आहे का. वर ऐकवलं, बाईचा डेटा तपासा असं सकाळी तुम्हीच म्हणालात ना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर समोर खुर्चीत बसलेला. तरी माझं तोंड उघडेना. पुढची कामंही त्याच्याच हातात होती, खोटं कशाला बोलू.

काकू तोवर केबिनच्या दारात येऊन उभ्या होत्या. साडी खोचलेली, हातात फोन. "आकडा खोटा वाटतो ना तुमाला?" त्या म्हणाल्या. "मंग खाली येऊन गाड्याच बघा."

खाली आवारात सातही ट्रक ओळीने लावले होते. कुठे कुठे होते ते सगळे तासाभरात बोलावून घेतले होते बाईने. हमाल काम सोडून बघायला जमले, वॉचमन खुर्ची घेऊन आला. मॅनेजर एकेका नंबरप्लेटपुढे वाकून अक्षरं वाचत गेला. पाचव्या ट्रकपाशी त्याने चष्मा पुसला. सातव्यापाशी तो वळला आणि विचारलं, मग सहा गाड्या गाळल्या कोणी?

गाड्यांबरोबर आलेला मुनशी माझ्याकडे बघत होता. काकूही. 

"मी," म्हटलं. "यांचा डेटा बरोबर होता. चूक माझी."

पहिल्यांदा काकूच हसल्या, मग हमाल, आणि शेवटी तो इस्त्रीचा माणूसही. काम चालू राहिलं, सातही गाड्यांचं. मला मात्र पुढचे कितीतरी दिवस गेटवर कोणीही विचारायचं, साहेब, आज किती गाड्या उडवल्या?

त्याच दुपारी गेटसमोरच्या टपरीवर चहा घेताना मी काकूंना शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, पुढची गाडी घ्याल तेव्हा वेगळा नंबर घ्या, कम्प्युटरला सोपं जाईल.

त्यांनी बशीत चहा ओतला. पहिली एकावन्न तीस नवऱ्याने घेतलेली, ती केव्हाच भंगारात गेली, असं त्या सांगत होत्या. पण नाक्यावर त्या माणसाला नावाने कोणी ओळखतच नव्हतं. एकावन्न तीस कुठाय, एकावन्न तीसला बोलवा, असंच चालायचं.

"आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय," त्या म्हणाल्या. "तो गेला, मंग घरात कोन घेनार? हितं गेटवर दिवसातून सात वेळा कुनीतरी वरडतो, एकावन्न तीस आली. मी आपली आयकते."

 चहा गार झाला तसाच प्यायलो.

त्या दिवशी माझं एक काम राहिलं होतं. गेटवर नवा डिजिटल बोर्ड लागायचा होता, आलेल्या गाडीचा पूर्ण नंबर दाखवणारा, आणि वॉचमनने तो बघून पुकारा करायचा, असं ठरलं होतं. सगळी अक्षरं-आकडे एकसारखे मोठे, हा माझाच आराखडा. घरी जायच्या आधी मी तो बदलला. सुरुवातीची अक्षरं आणि आकडे बारीक केले, शेवटचे चार चांगले ठळक, पुकारा करणाऱ्याच्या तेवढेच डोळ्यांत भरतील असे. मॅनेजरने कारण विचारलं तर लांबून वाचायला बरं, असं सांगायचं ठरवलं होतं. त्याने विचारलं नाही.