नाजूक विषयाचे सर

दहावीला प्रजननाचा धडा आला की सर आधी खिडक्या लावायला सांगत. पत्र्याखाली आम्ही उकडत बसू आणि सर फळ्याकडे तोंड करून म्हणत, "विषय नाजूक हाय." सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला शाळेच्या वेळापत्रकाची गरज नव्हती. खिडक्या लागल्या की समोरच्या हॉटेलातले म्हातारे चहाची कपबशी घेऊन भिंतीजवळ सरकत.

असे सर तुम्हालाही भेटले असतील. नसतील, तर "घरी वाचा" म्हणून तुमचा धडा सुटला असेल. आमचे सर निदान शिकवायचे. फक्त माणसापर्यंत पोचायचे नाहीत. बेडकावरून निघत आणि जास्वंदावर थांबत. एकदा गावाला जवळचं उदाहरण म्हणून त्यांनी हळद घेतली.

"सर, हळदीला बी कुठं असतंय? आमी तर कंद लावतो," मागून एक पोरगं बोललं.

सर गडबडले, मग खूशच झाले. "म्हणून तर लग्नात हळद लागते! किती संस्कारी पीक हाय बघा."

शेवटी संसारावर दोन शब्द असत. "संसार म्हंजे तडजोड."

पुढच्या बाकावरची सविता उठली. "कुणी करायची, सर?"

"बस खाली. विषय नाजूक हाय."

आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे. लाज शिकवणाऱ्याला, लग्न शिकणारीला. परीक्षा संपली आणि सविताचा साखरपुडा ठरला. वय सोळा. गावच्या युवक मंडळाने बालविवाहाविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं होतं. त्यावर नावं असलेले निम्मे जण साखरपुड्याच्या पंगतीत बुंदी वाढत होते.

आशीर्वादाला सरांना माइक दिला.

"पोरगी सोळाची हाय. मला आशीर्वाद देता येत न्हाई. तिला कुणी इचारलं का?"

सविताचे वडील लगबगीने जवळ आले. "सर, हे घरचं हाय. नाजूक विषय हाय."

"नाजूक कशाचा, भाऊ? ती इथंच बसलीय. इचारा."

आईनेच विचारलं, "तुला हे लगीन पायजे का?" "न्हाई," सविता म्हणाली. माइक लांब होता, तरी मांडवभर ऐकू गेलं. मुलाकडचे पाहुणे उठले. जेवण मात्र करून गेले.

सविताला कुणी फारसं बोललं नाही, कारण गावाला खरा गुन्हेगार सापडला होता. "सर पोरींच्या डोक्यात काहीबाही भरून राहिले!" ज्या माणसाला जास्वंदापुढे जाता आलं नाही, त्याने गाव बिघडवलं म्हणे! शाळा उघडायच्या आत संस्थेने त्यांना कळमनुरीकडच्या शाळेवर धाडलं. हार नाही, समारंभ नाही. आम्ही काही जण एसटीपर्यंत गेलो.

"तुमाला नीट शिकवलं न्हाई रे मी," खिडकीतून ते म्हणाले. "लाज वाटायची."

नवे सर तो धडा मोबाइलवर दाखवतात, आवाज बंद करून.

सविता आता हिंगोलीला अकरावीत आहे. हे बघायला सर इथे नाहीत. वडील तिच्याशी अजून बोलत नाहीत. पण रोज सकाळी तिला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत आणतात, आणि एसटी येईपर्यंत गाडी बंद करून, तोंड दुसरीकडे वळवून, तिथेच उभे राहतात.