धुरीकाकांच्या गाडीचा गिअरबॉक्स मी ओळखला

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्त हसाल, तेव्हा हसा. फक्त चहा तोंडात असताना नको. कारण मी ज्या कामात हुशार समजला जायचो ना, त्याच कामात मी माझ्या आयुष्याची वाट लावून घेतली!

शाळा सातवीत सुटली आणि घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये चिकटलो. स्वभाव लाजाळू. माणसांसमोर तोंड उघडायचं नाही, पण गाडीखाली घुसलो की मी वाघ! गॅरेजची रीत अशी, की आम्ही पोरांनी खालून नट पिळायचे आणि ट्रायल उस्तादने मारायची. त्यामुळे गाडी पोटातून पाठ, पण चालवायला? शून्य.

आमच्या चाळीत धुरीकाका होते. जन्मभर एका शेटची गाडी चालवली. शेटने निवृत्तीच्या दिवशी तीच जुनी विलायती गाडी त्यांना देऊन टाकली. ती चाळीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी. गिअरबॉक्स फुटलेला.

आणि काकांना एक मुलगी. सुनंदा. मी त्या गाडीखाली दुरुस्तीला आडवा असायचो, ती चहा आणून ठेवायची. मला दिसायच्या फक्त तिच्या निळ्या चपला. पण त्या चपलांशी मी काय काय बोललोय! वर तोंडाकडे बघायची हिंमत कुठे होती?

काकांच्या ते लक्षात आलं असावं. एकदा वाकून गाडीखाली बघत म्हणाले, "बाबू, ह्याच जातीचो गिअरबॉक्स हुडकून काढ. दसऱ्याक गाडी चालली, तर तुझ्या आवशीक घेवन ये घरी. बोलूया."

माझ्या आईला घेऊन ये! कशासाठी, ते काय लहान पोराला कळत नाही? मी उठायला गेलो आणि सायलेन्सरवर डोकं आपटलं.

झालं! मी काकांचा फुटका बॉक्स रॉकेलने धुतला. त्याच्यावरचा नंबर ब्रशने घासून घासून वाचला. दाते मोजले, बोल्टची भोकं कागदावर छापून घेतली आणि रविवार आला की कुर्ल्याच्या भंगारात. शेवटी एका चाचांच्या ढिगात तो सापडला. तोच नंबर, तेवढेच दाते, कागद ठेवला तर भोकावर भोक!

"सेम टू सेम है, बेटा," चाचा म्हणाले.

फरक एवढाच, की बाजूला गिअरची सळी जोडायला एक लोखंडी हात असतो. काकांच्या बॉक्सवर तो खाली लोंबायचा. ह्याच्यावर होता वर, वेल्ड करून पक्का केलेला. मी काय म्हटलं असेल? 'कुणा येड्या मेकॅनिकने उलटा बसवलाय.' येडा कोण होता, ते पुढे येतंच आहे.

सळी लांब करून मी बॉक्स बसवला. ट्रायल? काकांनी हात जोडले. "मुहूर्ताआधी चाक हलूचा नाय."

दसरा उजाडला. गाडीला झेंडूच्या माळा, टायरखाली लिंबं, अख्खी चाळ खाली. माझी आई नवं लुगडं नेसून पुढे उभी. मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचा प्रकाश, बँकेत लागलेला, आपल्या नव्या स्कूटरला हार घालत होता.

नारळ फुटला. काका स्टिअरिंगखालच्या दांड्याने पहिला गिअर टाकू लागले. तीस वर्षांची सवय, बघायचं कशाला? क्लच सोडला.

गाडी धाडकन मागे!

"काका, ब्रेक!" मी ओरडलो.

"पहिलो टाकलंय रे!" काका ओरडले आणि आणखी जोरात ॲक्सिलरेटर दाबला.

स्कूटर आडवी, स्कूटरखाली प्रकाश, प्रकाशवर झेंडू.

आता तुम्हाला कळलं ना? तो हात उलटा नव्हता, नंबर तोच असला तरी बॉक्स वेगळ्या मॉडेलसाठी केलेला होता. जिथे काकांचा पहिला, तिथे ह्याचा रिव्हर्स! नंबर वाचला, दाते मोजले, पण एकदासुद्धा विचारलं नाही, "काका, तुमचा पहिला गिअर कुठे पडतो?" विचारायला तोंड उघडावं लागतं ना!

"मेल्या, ह्यां काय केलंस तां?" काका एवढंच म्हणाले. आई गुपचूप वर गेली आणि लुगडं बदलून आली.

प्रकाशचा पाय मोडला. चूक आपल्या गाडीची म्हणून धुरींच्या घरून रोज हॉस्पिटलात पेज जायची. कोण न्यायचं? निळ्या चपला! प्लास्टर निघालं आणि लगेच साखरपुडा झाला.

काका म्हणाले, पोरीची पाठवणी ह्याच गाडीतून. दुसरा बॉक्स मिळाला नव्हता आणि काकांच्या हाताची सवय काही बदलत नव्हती. मग त्यांच्या शेजारी बसून गिअर सांगायला कोण? मागच्या सीटवर शालू नेसलेली सुनंदा आणि प्रकाश. त्या दिवशी मी पहिल्यांदा वळून तिचा चेहरा नीट बघितला.

"काका, वर ढकला... आता खाली... नाही, खाली!"

चाळ रडत होती. सुनंदा रडत होती. माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी सुरू झालं, थांबेचना. धुरीकाकूंनी खिडकीतून हात घालून माझ्या पाठीवरून फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बघितलात? गाडीवर केवढो जीव आसा ह्या पोराचो!"