रक्तावर ढकललेली बिडी

माझे मोठे काका आणि माझे वडील दोन वर्षांच्या अंतरानं एकाच आजारानं गेले. दोघंही सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि दुपारच्या सुटीत एकाच बंडलातल्या बिड्या ओढायचे. औरंगाबादच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळेला फुफ्फुसाचा कॅन्सर म्हणून कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद वस्तीत कुणी नीट वाचला नाही. करणी म्हणण्याइतके अडाणी आम्ही राहिलो नव्हतो, म्हणून शहाण्या माणसांनी दुसरं कारण शोधलं, ‘ह्यांच्या रक्तातच हाय.’ आमच्या ओट्यावर बसून, बिडी ओढत ओढतच त्यांनी हा फैसला दिला.

मी तेव्हा डी.एड. करत होते. पुढं चारठाण्याच्या शाळेत नोकरी लागली आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. परभणीचं एक स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून. त्याचे वडील आमच्या समाजातले मानाचे गृहस्थ. नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेले, जयंतीला भाषण करणारे. त्यांचं एक भाषण मी लहानपणी पुढं बसून ऐकलं होतं. माणूस जन्मानं लहानमोठा ठरत नाही, हे त्यांनी तासभर सांगितलं होतं, आणि मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आईनं मला बजावलं, वडिलांचं विचारलं तर दम्यानं गेले म्हणायचं. काकांचा तर विषयच काढायचा नाही. मी हो म्हणाले.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी सिगरेट पेटवली आणि माझ्याकडं बघून अगदी मायेनं विचारलं, वडील कशानं गेले. आईनं डोळ्यानं खुणावलं. मी म्हणाले, “फुफ्फुसाच्या कॅन्सरनं. काकाही त्यानंच गेले. दोघं बिडी ओढायचे.”

बिडीचं त्यांनी ऐकलंच नाही. दोघेही, सख्खे भाऊ, एवढंच त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग त्यांनी राख बशीत झटकली आणि बोलणं पावसापाण्याकडं वळवलं.

चार दिवसांनी कार्ड आलं. मुलगी गुणी आहे, पण खानदानात रोग असल्यामुळे योग दिसत नाही. खानदान! जन्मावरून माणूस तोलू नका म्हणणाऱ्या माणसानं माझं रक्त तोललं, आणि तेही तोंडात सिगरेट धरून. आई रडली. मला रडू आलं नाही, किळस आली. आईनं त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं, कारण तिच्या हिशेबानं स्थळ मी घालवलं होतं.

जयंतीच्या कामात पुढं असणारा माझा थोरला भाऊ कार्ड वाचून लाल झाला. आमच्या रक्ताला नावं ठेवणारा हा कोण, म्हणून त्यानं अंगणात येरझाऱ्या घातल्या. येरझाऱ्या घालतानाही त्याच्या हातात बिडी होती. मी म्हणाले, निदान तू तरी आता सोड. तर तो म्हणाला, “आपल्या रक्तातच हाय ते. बिडी सोडून काय व्हायलंय?”

म्हणजे ज्या वाक्यानं परक्यानं आमचा अपमान केला, त्याच वाक्याच्या आडोशाला हा बसला होता. एकाला मुलगी नाकारायला रक्त कामाला आलं, दुसऱ्याला बिडी ओढायला.

त्याचा खोकला काही बरा होईना, तेव्हा मी रजा काढून त्याला औरंगाबादला नेलं. डॉक्टर वयस्कर होते. छातीचा फोटो पाहून म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, पण बिडी आजच बंद. भावानं आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या हमालाचं उदाहरण दिलं. ऐंशीचा आहे, रोज दोन बंडलं ओढतो, ठणठणीत आहे. असल्या म्हाताऱ्यांचं कौतुक बिडीवाल्यांना फार. त्याच्या बरोबरीचे किती गेले, ते कुणी मोजत नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तो वाचला असेल. सगळ्यांची शरीरं सारखी नसतात,” ते म्हणाले. “तुमच्या घरात दोन सख्खे भाऊ गेलेत. तुमच्या अंगात हा धोका दुसऱ्यापेक्षा जास्त असू शकतो. त्यात धूर घातला, की तो कितीतरी वाढतो. रक्त काही आपल्याला बदलता येत नाही. बिडी सोडता येते. म्हणून त्या म्हाताऱ्यापेक्षा तुम्ही जास्त भ्यायला पाहिजे.”

मला हे लख्ख समजलं. परतीच्या वाटेवर एस.टी. देवगाव फाट्याला थांबली. भाऊ चहाला उतरला आणि त्यानं बिडी शिलगावली. मी खिडकीतून बघतच राहिले. वर येऊन मला म्हणतो कसा, बघ, डॉक्टरबी म्हणला रक्तात हाय म्हणून. बिडी सोडता येते, हे दुसरं निम्मं त्यानं दवाखान्यातच ठेवून दिलं होतं.

घरी आत्या आली होती, वडिलांची मोठी बहीण. सत्तरी ओलांडलेली, रोज शेतात जाणारी. तिच्यासमोर त्यानं पुन्हा तेच सुरू केलं. आत्या भाकरी मोडत म्हणाली, “रगत तर माझं बी तेच हाय की रे. मी बिडी वढली न्हाई.”

भाऊ हसला. बायामाणसाचं वेगळं असतं म्हणाला. आत्या परक्या घरी दिलेली, त्यामुळे खानदान मोजताना तिला कुणी धरतच नव्हतं. आत्या नुसती बिडी न ओढल्यामुळेच वाचली, असं मीही म्हणणार नाही. डॉक्टरांनी तशी हमी कुणालाच दिली नव्हती. पण घरातला एवढा जिताजागता पुरावा समोर भाकरी खात बसला होता, आणि माझ्या शिकलेल्या भावाला तो दिसत नव्हता.

पुढं पाच वर्षांनी त्याच्या थुंकीत रक्त पडलं. या वेळी फोटोत दिसलं. बेचाळीसाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या महिन्यात त्यानं स्वतःहून बिडी सोडली होती, कारण ओढायला दमच उरला नव्हता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे तेव्हाही माझा राग गेला नव्हता. माया होती, आणि रागही होता.

त्याच्या शोकसभेला, पुण्यानुमोदनाला, परभणीचे ते गृहस्थ आले. कार्डाची त्यांना आठवण नसावी. त्यांनी भाषण केलं. तरुण कार्यकर्ता अकाली गेला, या घराण्यावर निसर्गानंच अन्याय केला, वगैरे. बिडीचं नाव नाही. समोरच्या बाप्यांनी माना डोलावल्या.

मी उठले. बाया बोलत नसत, पण मी मास्तरीण होते, अडवायला कुणी धजलं नाही. मी सांगितलं, “निसर्गानं थोडा धोका दिला असेल. बाकीचा आमच्या माणसांनी काडी ओढून घेतला. माझ्या भावाला डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही.”

कुणालाच ते आवडलं नाही. मेलेल्या माणसाला बोल लावला म्हणून भावजयीनं दोन महिने माझ्याशी अबोला धरला. मग एका रविवारी ती आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन चारठाण्याला आली. लेकरांना समोर बसवून मला म्हणाली, डॉक्टर काय म्हणले होते, ते ह्यांना सगळं सांगा. मी सांगितलं. ती दाराशी बसून ऐकत होती. मधेच तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, “ते दुसरं निम्मं पुन्हा सांगा.”