भावानं सांगितलेला मुंबईचा रस्ता

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे आजही मान वर करून सांगतो. बापानं दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून मला नागपूरला शिकवलं, त्यात लपवायचं काय? पण त्या पदवीला पहिलं काम सांगितलं ते मायनं. मोठ्या भावाला शोधायचं.

भाऊ मुंबईच्या गोदीत होता. दर दिवाळीला यायचा आणि अंगणात बसून मायला आपला रोजचा रस्ता सांगायचा. बोरीबंदरच्या फाटकावर दगडाचा सिंह अन् दगडाचा वाघ, पुढं कारंज्यावर उभी दगडाची बाई, मग टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या, तिथून गोदीचं फाटक. त्या वर्षी तो आला नाही. धानाचं खळं आटोपलं तरी खबर नाही. तेव्हा नव्या धानाचे पोहे फडक्यात बांधून माय माझ्यासंगं गोंदियाला गाडीत बसली. गोंदियाच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती.

बोरीबंदरला मी पाट्या वाचत उभा. माय सरळ फाटकाशी गेली, वर पाहिलं.

"वाघ आहे. चाल."

मग तीच पुढं, मी मागं. कारंज्याची बाई दिसली तशी माय हसली. बारा महिने पाण्यात उभी राहून हिला सर्दी कशी होत नाही, असं भाऊ मायला म्हणायचा. टाऊन हॉलच्या पायरीवर ती जरा टेकली, दगडावरून हात फिरवला. तो इथंच शिदोरी सोडत असेल, म्हणाली. त्याची एकेक गोष्ट खरी निघत होती, तसतशी तिची चाल वाढत होती. खरं सांगतो, तो फाटकाशी उभाच असेल असं मलाही वाटू लागलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नाव ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, कोणत्या मुकादमाची टोळी? मायनं माझ्याकडे पाहिलं. आम्हाला सिंह ठाऊक, बाई ठाऊक, पायऱ्या ठाऊक. भावानं रस्ता सांगितला होता, काम कधी सांगितलं नव्हतं. कायले सांगेल? पोत्यांखाली मान मोडते हे मायला काय सांगायचं?

खिडकीतल्या बाबूला मी इंग्रजीत विचारलं. चांगलं इंग्रजी होतं माझं. त्यानंही चांगल्या इंग्रजीत तेच सांगितलं. रोजंदारीची माणसं हजार, मुकादम कळल्याशिवाय सापडायची नाहीत.

पाळी सुटली. धुळीनं एकसारखी झालेली तोंडं बाहेर येऊ लागली. माय फडकं छातीशी धरून एकेक तोंड पाहत राहिली. शेवटचा माणूसही गेला.

"इंग्रजीत पुसलास का?"

"पुसलो, माय."

"मंग अजून एक डाव पूस."

बाबू खिडकी लावत होता. मी गेलो आणि तोच प्रश्न त्याच इंग्रजीत पुन्हा विचारला.